वीर्यपेढीपाशी थांबलेला पाठ

बालभारतीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग दोन या पुस्तकात सजीवांच्या जीवनप्रक्रियांवर दोन पाठ आहेत. त्यांपैकी दुसऱ्या पाठात प्रजनन येते. मानवी प्रजननसंस्था, मासिक पाळी, फलन एवढे झाल्यावर पाठाच्या शेवटाकडे आधुनिक तंत्रज्ञानाचा विषय निघतो आणि काचनलिकेतील फलन, सरोगसी व वीर्यपेढी यांची थोडक्यात माहिती दिली जाते. ज्या विषयाचे पान वर्गात घाईघाईने उलटले जाते, किंवा ‘घरी वाचा’ असे सांगून सोडून दिले जाते, त्या विषयात पुस्तकाने एवढे धाडस केले याचे स्वागतच करायला हवे. प्रस्तुत टिपणाचा रोख या धाडसावर नाही. पुस्तक जिथे थांबले आहे, त्याच्या पुढच्याच पावलावर आजच्या विद्यार्थ्याच्या आयुष्याशी थेट संबंध असलेला एक विषय उभा आहे, आणि तो पुस्तकातही नाही व वर्गातही येत नाही, एवढीच तक्रार आहे.

हा विषय म्हणजे प्रजननक्षमतेची जपणूक. एखाद्या आजारावरील उपचारांमुळे, किंवा केवळ वय वाढल्यामुळे, मूल होण्याची क्षमता जाणार असेल तर त्याआधीच स्वतःच्या शुक्रपेशी, अंडपेशी, भ्रूण किंवा अंडाशयाची ऊती गोठवून ठेवता येते. पाठात वीर्यपेढी आहे, पण ती दात्याची आहे. एकाने द्यायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, असा तो व्यवहार आहे. स्वतःचे स्वतःसाठी ठेवण्याचा विचार त्यात नाही, आणि अंडपेशी साठवण्याचा तर उल्लेखही नाही.

रक्तपेढीची उपमा

वीर्यपेढी समजावताना पुस्तक रक्तपेढीचा दाखला देते. उपमा सोपी आहे, पण ती दोन ठिकाणी दिशाभूल करते. पहिले म्हणजे, रक्त घेणाऱ्याला दात्याच्या जनुकांचा वारसा मिळत नाही. तीन-चार महिन्यांत आपल्या तांबड्या पेशी त्यांची जागा घेतात आणि गोष्ट संपते. शुक्रपेशीबरोबर मात्र तेवीस गुणसूत्रे पुढच्या पिढीत जातात. म्हणूनच इथे संमती, गोपनीयता आणि कायदा यांचे प्रश्न उभे राहतात. दुसरे म्हणजे, रक्तपेढीतल्या तांबड्या पेशी साधारण २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात आणि त्या पाच-सहा आठवडेच टिकतात. शुक्रपेशी द्रवरूप नायट्रोजनात, म्हणजे उणे १९६ अंशांना ठेवतात आणि त्या कित्येक वर्षांनंतरही उपयोगी पडतात. या दोन थंडींमध्ये केवळ अंशांचा फरक नाही, प्रकाराचाच फरक आहे.

हा फरक समजावून द्यायला पुण्यातल्या शिक्षकाला गुलटेकडीच्या मार्केट यार्डासारखी दुसरी प्रयोगशाळा शोधावी लागणार नाही. शीतगृहात ठेवलेला बटाटा जिवंत असतो. तो श्वसन करतो, उष्णता सोडतो, आणि फार थंडी लागली तर त्याच्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होते. बाहेर काढून ठेवला की त्याला कोंब फुटतात. म्हणजे तिथे त्याचे घड्याळ मंद झाले होते, थांबले नव्हते. पाकिटातला गोठवलेला वाटाणा ही दुसरी तऱ्हा. उणे १८ अंशांना तो महिनोन् महिने खाण्याजोगा राहतो, पण तो पेरला तर उगवत नाही, कारण त्याच्या पेशी मेलेल्या असतात. टोमॅटोची एक फोड फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सकाळी बाहेर काढा. ती लिबलिबीत होते आणि तिच्यातून पाणी सुटते. पेशींतल्या पाण्याचे बर्फ होताना स्फटिकांनी पेशींची रचना फाडलेली असते.

प्रजननपेशींच्या बाबतीत हवी असते ती तिसरी तऱ्हा. घड्याळ पूर्ण थांबले पाहिजे, आणि पेशी तर जिवंत राहिली पाहिजे. उणे १९६ अंशांना जीवरासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात, त्यामुळे ठेवण्याचा काळ ही मोठी अडचण नसते. संकट असते ते त्या तापमानापर्यंत जाताना आणि तिथून परत येताना. शून्याखालच्या काही अंशांचा तो टप्पा बर्फाचे स्फटिक होऊ न देता ओलांडायचा असतो.

कोंबड्यापासून अंडपेशीपर्यंत

ही युक्ती सापडली ती १९४९ साली इंग्लंडमध्ये. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या संशोधकांना असे आढळले, की कोंबड्याच्या शुक्रपेशी ग्लिसरॉल घालून गोठवल्या तर वितळवल्यावर त्या पुन्हा हालचाल करतात. ग्लिसरॉल पाण्याच्या रेणूंना स्फटिकात रचले जाऊ देत नाही. १९५३ साली अमेरिकेत बंज आणि शर्मन यांनी गोठवलेल्या मानवी शुक्रपेशींपासून गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. ग्रामीण महाराष्ट्राला हे तंत्र माणसांच्या आधी गुरांमुळे माहीत झाले. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेचे कृत्रिम रेतनाचे काम गोठवलेल्या वीर्यावरच उभे राहिले. नायट्रोजनचे भांडे घेऊन गोठ्यात येणारा कर्मचारी खेड्यातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. पाठ शिकवताना रक्तपेढीपेक्षा हा दाखला अधिक जवळचा आणि अधिक खरा ठरेल.

शुक्रपेशी साधली, मग अंडपेशीला आणखी तीन दशके का लागली? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा, कारण उत्तर पुस्तकातल्याच माहितीतून निघते. शुक्रपेशीचे डोके मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढे आणि त्यात पेशीद्रव अगदी थोडा. अंडपेशी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढी, म्हणजे तिचे आकारमान कित्येक हजार पट आणि आत भरपूर पाणी. शिवाय परिपक्व अंडपेशी अर्धगुणसूत्री विभाजनाच्या मध्यावर थांबलेली असते. तिची गुणसूत्रे तर्कुतंतूंवर मांडलेली असतात आणि हे तंतू थंडीने विस्कटतात. गोठवलेल्या अंडपेशीपासून पहिला जन्म ऑस्ट्रेलियात १९८६ साली झाला, पण यश इतके बेभरवशाचे होते की तंत्र रुळले नाही. ते रुळले काचीभवनामुळे. या पद्धतीत पेशीतले बरेच पाणी काढून, तिथे संरक्षक द्रव्य भरून, तिला इतक्या झपाट्याने थंड करतात की पाण्याला स्फटिक होण्यास सवडच मिळत नाही. त्याची काच होते. जपानमध्ये कुवायामा यांनी २००५च्या सुमारास हे तंत्र सोपे केले आणि २०१२ साली अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संस्थेने अंडपेशी गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

या इतिहासात एक भारतीय पान आहे आणि ते पाठात नसावे याची खंत वाटते. कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एका मुलीचा जन्म झाला. इंग्लंडमधील लुईझ ब्राउन त्याच वर्षी २५ जुलैला जन्मली होती. पण मुखोपाध्यायांनी एक गोष्ट अधिक केली होती. त्यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवून मग गर्भाशयात सोडला होता. ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मले ते १९८४ साली. मुखोपाध्यायांच्या वाट्याला मात्र सरकारी चौकशी समितीचा अविश्वास आणि बदली आली. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या मुलीला देशातील पहिली म्हटले गेले. त्याच आनंदकुमारांनी १९९७ साली मुखोपाध्यायांच्या टिपणवह्या तपासल्या आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे असे जाहीरपणे लिहिले. स्वतःकडे चालत आलेला मान पुरावा पाहून दुसऱ्याला देणे, हा वैज्ञानिक वृत्तीचा धडा दहावीच्या वर्गात यायला हवा.

दोन पानांचा न झालेला मेळ

पाठ असे सांगतो, की मुलीच्या अंडाशयात जन्मतःच अपक्व अंडपेशींचा ठरावीक साठा असतो, रजोनिवृत्तीच्या सुमारास बाहेर पडणारी अंडपेशी चाळीस-पन्नास वर्षे जुनी असते आणि तिच्यातील विभाजनात चुका होऊ शकतात. हे सगळे बरोबर आहे. पण ते व्यंग घेऊन जन्मणाऱ्या बाळाच्या संदर्भात सांगून सोडून दिले आहे. चाणाक्ष विद्यार्थी इथे हिशेब करील. दरमहा एक याप्रमाणे पस्तीस वर्षांत बाहेर पडतात सुमारे चारशे वीस. साठा तर लाखांत होता. बाकीच्या गेल्या कुठे? उत्तर असे, की त्या आपोआप नष्ट होत राहतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, सदतिसाव्या वर्षाच्या आसपास पंचवीस हजार आणि रजोनिवृत्तीच्या वेळी सुमारे हजार, असा तो उतार आहे. पाळी नियमित येते म्हणजे साठाही शाबूत आहे, हा समज यामुळे खोटा ठरतो. हा उतार सांगितला, की वाढत्या वयात मूल होणे अवघड का होते आणि लवकर साठवलेली अंडपेशी निराळी का, हे दोन्ही आपोआप समजते.

याच साठ्यावर औषधे आणि किरणे आघात करतात. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे आणि ओटीपोटावरील किरणोपचार कर्कपेशींप्रमाणेच अंडाशयातल्या पुटिकांनाही मारतात. अंडाशयाला २ ग्रेपेक्षाही कमी किरणमात्रा मिळाली तरी निम्म्या अंडपेशी नष्ट होतात असा अंदाज आहे. वृषणात शुक्रपेशी सतत तयार होत असल्या तरी त्या ज्या मूळपेशींपासून होतात, त्याच मेल्या तर कारखाना बंद पडतो. हा प्रश्न एकट्या कर्करोगाचाही नाही. थॅलेसेमियासाठी अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण करण्याआधी जी तीव्र औषधे देतात त्यांनी, आणि ल्युपससारख्या काही विकारांवरच्या औषधांनीही हेच होऊ शकते.

म्हणूनच ही माहिती दहावी-बारावीच्या वयाला लागू आहे. मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे कित्येक प्रकार आज बरे होतात. पंधराव्या वर्षी बरा झालेला मुलगा पस्तिसाव्या वर्षी पालक होऊ इच्छील, हे गृहीत धरायला हवे. वयात आलेल्या मुलाच्या शुक्रपेशी एक-दोन दिवसांत साठवता येतात. वयात आलेल्या मुलीच्या अंडपेशींसाठी संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात आणि त्याला दहा-बारा दिवस जातात. उपचार तेवढे थांबू शकत नसतील, किंवा मुलगी वयात आलेली नसेल, तर अंडाशयाच्या बाहेरच्या थराच्या पातळ पट्ट्या काढून गोठवतात आणि पुढे परत बसवतात. अशा प्रत्यारोपणानंतरचा पहिला जन्म बेल्जियममध्ये २००४ साली झाला. वयात न आलेल्या मुलांसाठी वृषणाची ऊती गोठवण्याचे प्रयत्न मात्र अजून प्रायोगिक आहेत. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ सालापासूनच असा दंडक घातला आहे, की उपचार सुरू होण्याआधी शक्य तितक्या लवकर हा विषय रुग्णापुढे काढावा. आपल्याकडे परळच्या टाटा रुग्णालयात किंवा पुण्यात तपासणीला आलेले कुटुंब आधीच हादरलेले असते. त्या चार दिवसांत हा शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडला तर संकोचापोटी ‘ते नंतर बघू’ असेच उत्तर येणार. आणि नंतर बघण्यासारखे काही उरलेले नसते. पूर्वी वर्गात ऐकलेले एक वाक्य इथे कामी येऊ शकते. या पाठाकडून अपेक्षा आहे ती एवढीच.

‘विमा’ हा शब्द

पाठ्यपुस्तक गप्प असले तरी जाहिराती गप्प नाहीत. उशिरा मूल होऊ देऊ इच्छिणाऱ्या तरुणींना अंडपेशी गोठवणे हा ‘विमा’ म्हणून सांगितला जातो. २०१४ साली अमेरिकेत फेसबुक आणि ॲपल या कंपन्यांनी कर्मचारी स्त्रियांसाठी हा खर्च उचलण्याचे जाहीर केले तेव्हापासून त्याची चर्चा वाढली. २०१६ साली, आठ वर्षांपूर्वी साठवलेल्या अंडपेशीपासून डायना हेडन यांना मुंबईत मुलगी झाली आणि ही गोष्ट घराघरांत पोचली. पण विमा हा शब्द तपासून घ्यायला हवा. विम्यात अट पूर्ण झाली की ठरलेली रक्कम मिळते. इथे मिळते ती संभाव्यता.

२०१७ साली अमेरिकेत मांडल्या गेलेल्या एका गणिती प्रतिमानानुसार, वीस परिपक्व अंडपेशी साठवल्या तर निदान एक मूल होण्याची शक्यता, साठवताना वय ३४ असल्यास सुमारे ९० टक्के, ३७ असल्यास ७५ टक्के आणि ४२ असल्यास ३७ टक्के असते. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर घ्यावे. प्रत्येक अंडपेशीची शक्यता स्वतंत्र आणि समान मानली, तर एकही यशस्वी न होण्याची शक्यता म्हणजे एका अंडपेशीच्या अपयशाच्या शक्यतेचा विसावा घात. उलट हिशेब केला की एका अंडपेशीमागे यशाची शक्यता ३४व्या वर्षी साधारण ११ टक्के, ३७व्या वर्षी ७ टक्क्यांच्या आत आणि ४२व्या वर्षी २ टक्क्यांच्या थोडी वर निघते. यातून दोन गोष्टी कळतात. ‘आमच्याकडे तुमच्या पाच अंडपेशी आहेत’ या वाक्याचा अर्थ वयाशिवाय लागत नाही. आणि तंत्राने वाचते ते अंडपेशीचे वय. आईचे वय वाढतच राहते. त्याबरोबर येणारे गरोदरपणातले रक्तदाबाचे, मधुमेहाचे धोके गोठवता येत नाहीत. शिवाय नोकरी, लग्न आणि पाळणाघर यांची गैरसोय समाजाने निर्माण करायची आणि उपाय मात्र बाईच्या अंडाशयात शोधायचा, हेही विद्यार्थ्यांच्या नजरेला आणून द्यावे. आजाऱ्याची जपणूक आणि निरोग्याची पुढे ढकललेली निवड यांत तंत्र एकच असले तरी निकड एक नाही, आणि दोन्हींना एकाच पत्रकात बसवणे बरोबर नाही.

पुण्यातली एक बातमी आणि तेवीस गुणसूत्रे

२०१८ सालच्या फेब्रुवारीत, म्हणजे हे पाठ्यपुस्तक आले त्याच वर्षी, पुण्यातली एक बातमी देशभर गाजली. जर्मनीत शिकणाऱ्या एका पुणेकर तरुणाला मेंदूचा कर्करोग झाला होता. औषधोपचारांपूर्वी तेथील डॉक्टरांनी त्याच्या शुक्रपेशी साठवल्या. २०१६ साली तो गेला. त्यानंतर त्याच्या आईने त्या शुक्रपेशी भारतात आणवल्या आणि दात्या स्त्रीच्या अंडपेशी व नात्यातील एका स्त्रीचे गर्भाशय यांच्या साहाय्याने जुळी नातवंडे जन्माला आली. ही आई शिक्षिका होती. बातमी ‘मुलगा परत आला’ या सुरात सांगितली गेली. आईच्या तोंडी हे शब्द आले तर त्यावर कोणी बोट ठेवू नये. पण बातमी लिहिणाऱ्याने आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्याने ते तसेच्या तसे उचलणे निराळे. त्या बाळांत वडिलांची गुणसूत्रे तेवीस, उरलेली तेवीस दुसऱ्या एका स्त्रीची. अर्धगुणसूत्री विभाजनात ती तेवीसही नव्याने पिसली गेलेली. परत कोणीच येत नाही. दोन नवी माणसे येतात. हा मुद्दा भावनेला छेद देण्यासाठी नाही, तर त्या मुलांना त्यांचे स्वतःचे आयुष्य असावे म्हणून महत्त्वाचा आहे.

आज या क्षेत्राला कायदा आहे. साहाय्यित प्रजननाचा आणि सरोगसीचा असे दोन कायदे २०२१ साली संमत होऊन जानेवारी २०२२ मध्ये अमलात आले. साठवण करताना, संबंधित व्यक्तीचा मृत्यू झाल्यास काय करावे याच्या लेखी सूचना आणि संमती घेणे त्यात बंधनकारक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, कर्करोगाने गेलेल्या अविवाहित तरुणाच्या साठवलेल्या शुक्रपेशी त्याच्या आईवडिलांना देण्याचा निर्णय दिला, तोही संमतीच्या मुद्द्याभोवती फिरतो. मात्र या सेवांसाठी कायद्याने स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरवले असून पंधरा-सोळा वर्षांच्या कर्करुग्णाची स्वतंत्र तरतूद केलेली नाही. पाठ्यपुस्तकाने ज्याला विसरले, त्याला कायद्यानेही विसरावे, हा योगायोग चांगला नाही.

वर्गात काय करता येईल

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी तीन सूचना आहेत. वीर्यपेढीच्या परिच्छेदात, व्यक्ती स्वतःच्या पेशीही स्वतःसाठी साठवू शकते, हे एक वाक्य घालावे आणि त्यात अंडपेशीचा उल्लेख असावा. अंडपेशींच्या साठ्याचा उतार एका छोट्या आलेखाने दाखवावा. मुखोपाध्याय आणि आनंदकुमार यांची हकिकत चौकटीत द्यावी. या तिन्हींना मिळून अर्धे पान पुरेल.

तोपर्यंत शिक्षकांनी वाट पाहण्याचे कारण नाही. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणावे. एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत निम्मे पाणी व निम्मे ग्लिसरीन घालून दोन्ही रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. साधे पाणी गोठते, दुसरे द्रवच राहते. शेजारी ती टोमॅटोची फोड ठेवावी. दुसऱ्या दिवशी या तीन वस्तू टेबलावर मांडल्या, की जपणूक म्हणजे काय यावर बोलायला तास पुरणार नाही. मुलामुलींना एकत्र बसवूनच बोलावे. शुक्रपेशीचा भाग मुलांना आणि अंडपेशीचा भाग मुलींना, अशी वाटणी केली तर पाठाने सोडलेली उणीव आपणच वाढवू. वर्गात एखादा विद्यार्थी किंवा त्याचे जवळचे कोणी अशा आजारातून गेलेले असू शकते, याचे भान ठेवून उदाहरणे नेहमी दूरची घ्यावीत. आणि ‘उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा’ हे वाक्य मात्र स्पष्ट, मोठ्याने आणि वहीत लिहून घ्यायला लावून सांगावे.